पाण्याखालचा तळ

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा ओसरला, नारळी पौर्णिमा होऊन गेली, की मुंबईत गेटवेसमोरच्या पाण्यात शिडाच्या बोटी एकेक करून परत उतरू लागतात. धक्क्यावर उभं राहून पाहणाऱ्याला डोलकाठी दिसते, शीड दिसतं, चकचकीत कठडा दिसतो. मला आज बोलायचंय ते न दिसणाऱ्या भागाबद्दल. म्हणजे बोटीचा तळ आणि त्यामागचा पंखा, ज्याला पुस्तकी भाषेत प्रोपेलर म्हणतात. त्यावर काय वाढतं, ते रोखायचं कसं, आणि खरवडून काढलेला माल जातो कुठं? हा शेवटचा प्रश्न बोटीचे मालक क्वचितच विचारतात. माझ्या लेखी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

नवा रंग दिलेला तळ पाण्यात गेला की काही मिनिटांतच त्यावर पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचा अतिशय पातळ थर बसतो. मग जिवाणू येतात, मग सूक्ष्म शैवाल. हात फिरवला तर बुळबुळीत लागतं. इथवर फारसं काही बिघडलेलं नसतं, मऊ फडक्यानं ते निघून येतं. पण वेळ गेला की बार्नॅकल येतात. जेट्टीच्या खांबांवर, खडकांवर पांढरट, शंकूच्या आकाराचे, धारदार कडांचे जे खवले चिकटलेले असतात आणि अनवाणी पायाला कापतात, तेच हे. शिंपल्याचे भाऊबंद वाटतात, पण खरं कूळ कोळंबी आणि खेकड्याचं.

या जिवाचं पिल्लू जागा कशी निवडते ते ऐकण्यासारखं आहे. अंड्यातून निघाल्यावर ते पाण्यात तरंगत, कात टाकत वाढतं. शेवटी त्याची एक अशी अवस्था येते की ते खाणंच बंद करतं. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. साठवलेल्या चरबीवर जगायचं आणि चिकटायला जागा शोधायची, एवढंच त्याचं काम उरतं. डोक्याकडच्या दोन मिशांवर ते बोटीच्या तळावरून अक्षरशः चालतं. थोडं पुढं जातं, चाचपतं, वळतं, परत चाचपतं. आपल्या जातीचं कुणी इथं आधी राहून गेलंय का, याची रासायनिक खूण शोधतं. जागा पटली नाही तर सुटून पाण्यात निघून जातं. पटली, तर डोक्याजवळून एक सिमेंट सोडतं आणि डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत जन्मभरासाठी चिकटतं. त्यानंतर भोवती कवच बांधतं आणि पायांनीच पाणी ओढून अन्न गाळून घेतं.

या एका गोष्टीतून आपल्या कामाचे दोन नियम निघतात. पहिला असा, की बोट चालती ठेवायची. वाहत्या पाण्यात त्या पिल्लाला चाचपायला उसंत मिळत नाही. महिनोन्‌महिने एकाच नांगरावर उभी असलेली बोट मात्र त्याला आयतं घर देते, आणि मुंबईच्या कोमट पाण्यात ही वस्ती फार झपाट्यानं वाढते. दुसरा नियम असा, की खरवडताना कवच उडालं म्हणजे काम झालं असं समजायचं नाही. कवच उडाल्यावर तळावर एक पांढरी, गोल चकती मागं राहते. नख लावलं तरी हलत नाही. ती ठेवून वरून रंग मारला तर रंग तिथं नीट धरत नाही, खडबडीतपणा राहतो, आणि पुढच्या पिढीला तिथंच बसावंसं वाटतं.

वेगावर याचा परिणाम किती होतो? युद्धनौकांसाठी केलेल्या हिशोबात असं निघालं, की तळावर कवचवाल्या जिवांचा जाड थर बसला तर तोच नेहमीचा वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त ताकद लागू शकते. छोट्या यॉटचा आकडा वेगळा येईल, पण अनुभव तोच. इंजिन ओरडतं, धूर काळा येतो, डिझेल जातं आणि किनारा काही जवळ येत नाही.

२०२२ची गोल्डन ग्लोब शर्यत तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. एकट्यानं, कुठंही न थांबता, जुन्या पद्धतीच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोनहून ४ सप्टेंबर २०२२ रोजी १६ जण निघाले. दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर २७ एप्रिल २०२३ला पहिली आली, आणि आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २९ तारखेला दुसरे. मूळ नियमांत राहून पूर्ण करणारे शेवटी तिघंच. या शर्यतीत वादळांइतकीच चर्चा बार्नॅकलची झाली. खोल समुद्रात देठ असलेली एक वेगळी जात असते, लांब मानेची, आणि संथ चालणाऱ्या बोटीला ती घोसांनी लटकते. नियम असा, की बंदराला लागायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. म्हणजे वारा पडला की बोटीला दोर बांधून स्वतः पाण्यात उतरायचं, श्वास रोखायचा आणि हातातल्या पट्टीनं खरवडायचं. एका ब्रिटिश स्पर्धकाला ते जमेना म्हणून टास्मानियात होबार्टला बोट वर काढावी लागली आणि तिथं त्याची मूळ शर्यत संपली. इतक्या तयारीच्या माणसांवर ही वेळ येते, तर आठवड्याच्या सुट्टीत बोट काढणाऱ्यानं तळाकडं किती लक्ष द्यायला हवं!

जाता जाता सांगतो. या शर्यतीची प्रेरणा असलेली, १९६८-६९मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना पहिल्यांदा एकट्यानं, न थांबता जगाभोवती नेऊन आणणारी ‘सुहैली’ मुंबईत बांधली गेली होती. सागवानात. ते सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

आता उपायांकडं येतो. आपल्या कोकणात होडी किनाऱ्यावर ओढून, वाळवून, शाकारून ठेवायची आणि लाकडाला माशाचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावायचं, ही जुनी रीत. लाकूड पोखरणारा किडा आणि वरून चिकटणारे जीव, दोघांचाही बंदोबस्त त्यात व्हायचा. युरोपीय आरमारांनी तांबं आणलं. ब्रिटिश नौदलानं १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि जहाज वेस्ट इंडीजकडं पाठवलं. परत आल्यावर पाहतात तर तांब्यावर काही वाढलेलं नाही, पण पत्रे जिथं लोखंडी खिळ्यांना टेकले होते तिथं लोखंड खाऊन गेलेलं. काही खिळे मात्र शाबूत होते. का? पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथं काढायचा राहून गेला होता. खाऱ्या पाण्यात तांब्याला टेकलेलं लोखंड झिजतं; इथं दोन धातूंच्या मध्ये कागद होता, म्हणून लोखंड वाचलं.

पुढं १८२४च्या सुमारास ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी उलटा प्रयोग केला. तांब्याची झीज थांबावी म्हणून त्यांनी पत्र्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तांबं खरोखर झिजायचं थांबलं, आणि तळावर शेवाळ आणि बार्नॅकल दाटून आले! तांबं स्वतः विरघळतं तेव्हाच काम करतं, हे तिथं कळलं. आज तुम्ही डब्यातून आणता त्या अँटिफाउलिंग, म्हणजे तळावरची वाढ रोखणाऱ्या, रंगातही बहुतेक वेळा तांब्याचं ऑक्साइडच असतं, आणि ते हळूहळू पाण्यात सुटतं म्हणून तळ स्वच्छ राहतो. तळ साफ राखण्याची किंमत भोवतालचं पाणी मोजत असतं.

ती किंमत कुठवर जाऊ शकते हे फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरानं दाखवलं. ट्रायब्युटिल टिन नावाचं कथिलाचं संयुग रंगात आलं आणि सगळे खूश झाले, कारण वर्षानुवर्षं तळ कोरा राहायचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीला तिथल्या कालवांची, म्हणजे ऑयस्टर शिंपल्यांची, पैदास कोसळली, वाढलेल्या कालवांची कवचं जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली. समुद्रातल्या मादी गोगलगायींना नराचे अवयव फुटू लागले. पाण्यातलं प्रमाण अगदी नगण्य असूनही! फ्रान्सनं १९८२ साली २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. जगभरातल्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय करार व्हायला २००१ साल उजाडलं आणि तो लागू झाला २००८मध्ये. कालवं काढून पोट भरणाऱ्यांचं जे नुकसान व्हायचं ते तोवर होऊन गेलं होतं.

म्हणून माझं सांगणं असं, की रंग गरजेपुरता, आणि आपल्या बोटीला शोभेल असा निवडा. काही रंग कडक असतात, घासलेले चालतात. काही मुद्दाम झिजत जाणारे असतात. बोट नियमित चालत असेल तर ते उत्तम, पण त्यांना कडक ब्रशनं घासलं तर रंगच पाण्यात जातो. सिलिकॉनचे गुळगुळीत रंग विषावर चालत नाहीत, त्यांच्यावर पकड बसत नाही आणि चालत्या बोटीवरून वाढ गळून पडते. मात्र बोट उभीच राहणार असेल तर त्यावर पैसे घालू नका. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचा रंग लावायचाच नाही, ‘अलार्म’च्या खिळ्यांचं झालं तेच तळाचं होईल.

पंख्याकडं वळतो, कारण दुर्लक्ष सगळ्यात जास्त तिथं होतं. पंखा कांस्याचा, फिरणारा. तळाचा रंग त्याच्यावर टिकत नाही, पहिल्या काही फेऱ्यांतच उडतो. त्यासाठी सिलिकॉनचं वेगळं लेपन मिळतं. ते लावण्याआधी पंखा पॉलिशपेपरनं घासून नागडा करावा लागतो, आणि घासल्यावर त्याला उघड्या हाताचा स्पर्शही होऊ द्यायचा नसतो. बोटाचं तेल लागलं की लेपन तिथून सुटतं. वाढ आधी बसते ती पात्याच्या टोकाशी नाही, बुडाशी, जिथं पातं मधल्या गड्ड्याला मिळतं. तिथं पाणी सावकाश फिरतं. वरवर पाहणाऱ्याला पातं चकचकीत दिसतं आणि बुडाशी दाट थर असतो, म्हणून हाताचं बोट आत घालून चाचपा. शाफ्टवरच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावरच्या, जस्ताच्या गोळ्याला कधीही रंग लावू नका. तो झिजायलाच बसवलेला आहे, तो झाकला तर त्याच्या जागी पंखा झिजेल. आणि इंजिनला थंड पाणी ओढणारं भोक आतून तपासा. कित्येकदा इंजिन तापल्याची तक्रार येते आणि आत बार्नॅकलची वस्ती निघते.

पाण्यात उतरून पंखा साफ करणार असाल तर इंजिनची किल्ली उतरणाऱ्यानं स्वतःजवळ ठेवायची. वर कुणी कितीही विश्वासाचं असो.

बोट वर काढल्यावर मात्र क्षणभरही थांबू नका. तळ ओला असतानाच दाबाच्या पाण्यानं धुवा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. ओलं असताना जे तासाभरात निघतं, ते एक ऊन खाल्ल्यावर दोन दिवस निघत नाही. जुना रंग कोरडा घासू नका. ती धूळ विषारी असते, ती घासणाऱ्या पोराच्या छातीत जाते. पाणी मारत घासा, आणि त्याला साधा रुमाल न देता चांगला मास्क द्या. ही मालकाची जबाबदारी आहे.

आता तो राहिलेला प्रश्न. मार्च १९९९मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या कलन बे मरीनात, म्हणजे यॉट ठेवण्याच्या बंदिस्त गोदीत, पाणबुड्यांना एक अनोळखी छोटा, काळपट शिंपला दिसला, चौरस मीटरला हजारोंच्या संख्येनं. काही महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथं नव्हता. मूळ मध्य अमेरिकेकडचा, आणि आला होता बहुधा एखाद्या यॉटच्या तळाला चिकटून. (डार्विन या गावाला ज्यांचं नाव आहे, त्या चार्ल्स डार्विन यांनी आयुष्याची आठ वर्षं बार्नॅकलच्या अभ्यासात घालवली होती.) तिथली भरती-ओहोटी मोठी, म्हणून मरीनांना दरवाजे होते. ते बंद केले, आत टनावारी क्लोरीन आणि मोरचूद ओतलं आणि शिंपल्यासकट आतलं झाडून सगळं मारलं. शिंपला संपला, देश वाचला.

तोच शिंपला आपल्याकडं १९६७ साली विशाखापट्टणमला नोंदला गेला आणि पुढं मुंबईतही आढळला. आपल्या उघड्या बंदराला बंद करायला दार नाही. तो इथं राहतो. म्हणजे मुंबईहून अलिबाग, रत्नागिरी, गोव्याला जाणारी आपली प्रत्येक मळलेली बोट त्याला पुढच्या खाडीत सोडू शकते. तळ साफ करायचा तो निघण्यापूर्वी, ज्या बंदरात मळला त्याच बंदरात, पोहोचल्यावर दुसऱ्याच्या पाण्यात नव्हे.

आणि खरवडलेला माल परत समुद्रात लोटू नका. मी पाहतो ते असं, की उतारावर बोट उभी करतात, पाण्याचा फवारा मारतात, आणि तांबूस पाणी, कवचं, रंगाचे पापुद्रे सगळं ओहोटीबरोबर खाडीत जातं. त्याच खाडीच्या काठावर बायका कालवं फोडत बसलेल्या असतात. बोटीखाली ताडपत्री अंथरायला फार खर्च येत नाही. धुतलेलं पाणी साठवायला एक छोटा खड्डा आणि गाळ बसायला वेळ लागतो, इतकंच. रंगाचा गाळ हा घातक कचरा आहे, तो पोत्यात भरून वेगळा द्यायचा असतो, आणि त्याची रीतसर विल्हेवाट लावणारं केंद्र तळोज्यालाच आहे. तुम्ही ज्या यार्डात बोट वर काढता तिथं या हंगामात, पैसे देण्यापूर्वी, एवढं विचारा: तुमचं धुण्याचं पाणी कुठं जातं? उत्तर मिळालं नाही तर ताडपत्री तुम्ही न्या.