परवडत नाही, हे डॉक्टरांना सांगा

ठाण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघात निवृत्त फार्मासिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार मंडळी. मेडिकलच्या काउंटरमागे ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना एक वाक्य पाठ असतं: ‘पूर्ण स्ट्रिप नको, पाचच द्या.’ हे म्हणणारा माणूस बहुधा सर्दी-खोकल्याची गोळी मागत नसतो. प्रेशरची मागत असतो, शुगरची मागत असतो, नाहीतर हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणारी. मी विचारायचो, ‘काका, मागच्या वेळी दहा नेल्यात, त्याला तीन आठवडे होत आले. मधे काय केलंत?’ खालच्या आवाजात उत्तर यायचं, ‘एक दिवसाआड घेतो. भागतं तेवढ्यात.’ यातले कितीतरी जण वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्यांतले. पीएफची पेन्शन म्हणून ज्यांच्या हातात हजार-दीड हजार रुपये पडतात, त्यांनी महिन्याला दोन हजारांची औषधं कुठून आणायची? नौपाड्यातल्या चांगल्या घरांतूनही हेच ऐकलं आहे. तिथे कारण वेगळं असतं, मुलाकडे पैसे मागायचे नसतात.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. औषध परवडत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा. घरच्यांना सांगितलंत की नाही, मेडिकलवाल्याला सांगितलंत की नाही, हे नंतर. डॉक्टरांना आधी.

न सांगितल्यावर काय होतं ते बघा. तुम्ही प्रेशरची गोळी एक दिवसाआड घेता. महिन्याने तपासायला जाता. पट्टा बांधला की आकडा वर असतो. डॉक्टरांना वाटतं, गोळी पुरत नाही. ते डोस वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. आता चिठ्ठी आणखी महाग झाली, म्हणून तुम्ही दोन्ही गोळ्या तोडून तोडून घेता. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा वर, आणि आणखी एक गोळी. पैसे वाचवायला निघालेला माणूस असा जास्त पैशांत जातो आणि आजार होता तिथेच राहतो. स्टेंट बसवलेल्याने क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानेच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. तुम्ही किती गोळ्या खरोखर घेता हे डॉक्टरांना कळलं नाही, तर त्यांचा सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो.

अनेकांना वाटतं की डॉक्टरांना कशाला त्रास, मेडिकलवालाच स्वस्तातली देईल. इथे कायदा आडवा येतो. औषध नियमावलीतल्या ६५व्या नियमानुसार शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतलं, जे औषध चिठ्ठीवर लिहिलं आहे, त्याऐवजी दुसरं देता येत नाही. आतला घटक तोच असला तरी नाही. म्हणजे चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर काउंटरमागच्या माणसाचे हात बांधलेले असतात. ही गाठ सोडवू शकते ती एकच व्यक्ती, जिने चिठ्ठी लिहिली. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६पासून आहे. २०२३मध्ये याहून कडक नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण विनंती करायला कुठलाही नियम लागत नाही.

विनंती अशी करा: ‘डॉक्टर, महिन्याला एवढे रुपये जमतात. याच कंटेंटची स्वस्त गोळी लिहून द्याल का? आणि यातली एखादी कमी करता येईल का?’ कंटेंट म्हणजे गोळीतला मूळ घटक. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. बरेचदा त्यांना किंमत माहीतच नसते.

आता ही स्ट्रिप बघा, मागच्यांना दिसावी म्हणून वर धरतो. ब्रँडचं नाव असतं त्याच बाजूला औषधाचं खरं नाव असतं. एकच घटक असलेल्या औषधावर ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम २०१८मध्ये आला. ही शुगरची गोळी आहे, एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम. मूळ कंपनीची गोळी साठ रुपयांच्या आसपास होती, म्हणजे महिन्याचे अठराशे. मार्च २०२५मध्ये तिचं पेटंट, म्हणजे ती बनवण्याचा त्या कंपनीचा ठरावीक वर्षांचा एकहाती हक्क, संपलं. लगेच कितीतरी भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या आणि काही गोळ्या दहा रुपयांच्याही खाली आल्या. महिन्याचे तीनशे रुपयेही नाहीत! तरीसुद्धा जुनी चिठ्ठी दाखवून जुनीच गोळी नेणारे लोक मी पाहतो. कोणी त्यांना सांगितलंच नाही. डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्याच गोळीचं २०२०मध्ये असंच झालं होतं. म्हणून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना विचारा, ‘यातल्या कशाचं पेटंट संपलंय का?’

या पेटंटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषध कारखान्यांत आपल्यातल्या काहींनी नोकऱ्या केल्या आहेत. १९७०च्या आपल्या कायद्यात पेटंट औषधावर मिळत नसे, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मोकळीक होती. त्यातून आपल्याकडची औषधं स्वस्त झाली. १ जानेवारी २००५पासून खुद्द औषधावर पेटंट सुरू झालं. पण त्या कायद्यात रुग्णांसाठी दारं ठेवलेली आहेत. मार्च २०१२मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची संमती नसतानाही ते बनवण्याची सरकारी परवानगी, एका भारतीय कंपनीला दिला गेला, आणि महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचं औषध ८,८०० रुपयांवर आलं. त्यानंतर असा परवाना दुसऱ्या कुठल्या औषधाला मिळालेला नाही. मिळायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

सरकार किमती बांधतं ना, मग महाग का? असं मला नेहमी विचारतात. १९९५च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किंमत ठरवताना औषध बनवायला किती खर्च येतो ते बघत. २०१३पासून पद्धत बदलली. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के धरायचे, झाली कमाल किंमत. बनवण्याच्या खर्चाचा संबंधच उरला नाही. शिवाय ही मर्यादा मुख्यतः अत्यावश्यक औषधांच्या यादीपुरती. २०२२च्या यादीत ३८४ औषधं आहेत. शुगरची मेटफॉर्मिन आहे, ग्लिमेपिराइड आहे, पण दोन्ही एकत्र असलेली गोळी त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या औषधांची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. सप्टेंबर २०२५मध्ये औषधांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्के झाला, तेवढा दिलासा मात्र खरा.

जनऔषधी केंद्रांबद्दल, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानांबद्दल बोलतो. देशभरात ती पंधरा हजारांवर आहेत, ठाण्यातही आहेत. तिथल्या औषधांची प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासून येते. प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी मी निःशंकपणे तिथे जा असं सांगेन. अडचण एकच, सगळं नेहमी मिळत नाही. म्हणून गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी फोन करून विचारा. साध्या मेडिकलमध्ये ‘जेनेरिक’, म्हणजे मोठ्या ब्रँडशिवायची, म्हणून मिळणाऱ्या गोळीचं जरा बघून घ्या. तिच्यावर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. पाटीवरच्या सवलतीपेक्षा एका गोळीला किती पडले, हे विचारा.

काही औषधांची कंपनी मात्र परस्पर बदलू नका. फिटची फेनिटॉइन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन. यांत थोड्या फरकानेही बिघडतं. एक कंपनी धरा, बदलायची वेळ आली तर डॉक्टरांना सांगून आणि रक्त तपासून. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते.

आणखी एक काम घरी गेल्यावर करा. डब्यातल्या, फ्रिजवरच्या, पर्समधल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि पिशवी फॅमिली डॉक्टरांसमोर रिकामी करा. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅसिडिटीची गोळी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅसिडिटीची गोळी, दोन नावांनी एकच पॅन्टोप्राझोल, हे मी अनेक पिशव्यांत पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी महिनाभरासाठी दिलेलं कॅल्शियम अजून चालू असतं. कमी करणं डॉक्टरांचं काम, पण पिशवी नेणं आपलं.

मेडिक्लेमवर फार विसंबू नका. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर तो उपयोगी, रोजच्या गोळ्यांना बहुतेक पॉलिसींत पैसे मिळत नाहीत. सरकारी दवाखान्याची मात्र लाज बाळगू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत, आणि प्रेशर-शुगरची साधी औषधं तिथे मिळतात. ‘औषध संपलंय’ असं सांगितलं तर कधी येणार ते विचारा, केसपेपरवर लिहून मागा आणि तक्रार द्या. ते औषध आपल्याच करातून येतं.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी चिठ्ठ्या आणल्या आहेत त्यांनी पुढे या. कंटेंट कुठे छापलेला असतो ते आधी एकत्र बघू.