आयर्लंडचा ख्रिसमस: घरी येणाऱ्यांचा सण

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात बसून आयर्लंडचं काय, असं काहींना वाटत असेल, तर आधी तेच सांगतो. आपल्या मालवण तालुक्यातलं वराड तुम्हाला माहितीच आहे. मूळ वराडच्या घराण्यातले डॉ. अशोक वराडकर इंग्लंडला गेले, तिथे त्यांना आयर्लंडच्या डंगार्वन गावची एक नर्स भेटली, लग्न झालं, पुढे डब्लिनला स्थायिक झाले आणि त्यांचा मुलगा लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबरअखेर, म्हणजे ऐन ख्रिसमसच्या सुट्टीत, लिओ घरच्यांना घेऊन वराडला येऊन गेले, तुमच्यातले कितीतरी जण तेव्हा तिथे असतील. त्यामुळे हा देश आपल्याला अगदीच परका नाही.

मी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं कॉर्कला राहिलो. दक्षिणेकडचं शहर, डब्लिननंतरचं दुसरं मोठं. तिकडचा ख्रिसमस बघितल्यावर मला जे कळलं ते आत्ताच सांगून टाकतो. झाड, सांता, केक, दिवे हे सगळं तिकडेही आहेच, पण आयरिश माणसाचा ख्रिसमस हा मुळात लांब गेलेल्या माणसाने घरी येण्याचा सण आहे. आणि तो तसा का झाला हे कळायला थोडा इतिहास लागतो, कंटाळू नका.

१८४५ पासून तिकडे बटाट्यावर रोग पडला. गोरगरिबांचं पोट त्या एका पिकावर, राज्य इंग्रजांचं, आणि सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, साधारण तितकीच बोटीत बसून देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८० लाखांहून जास्त लोक होते. आज ब्रिटनकडे असलेला उत्तरेचा भाग आणि दक्षिणेचा आयर्लंड देश दोन्ही मिळून सत्तर लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे पावणेदोनशे वर्षं उलटून गेली तरी आकडा परत तिथवर पोचलेला नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना. आणि दुष्काळ संपला तरी जाणं काही थांबलं नाही, १९५० च्या दशकात चार लाखांच्या आसपास माणसं गेली, ऐंशीच्या दशकात गेली, २००८ च्या मंदीनंतर परत गेली, कुणी लंडनला, कुणी बॉस्टनला, आता सिडनीला. जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी बाहेर. पूर्वी परत येणं परवडायचं नाही, त्यामुळे ख्रिसमसच्या आधी अमेरिकेतून पत्र यायचं, आत डॉलर असायचे, आणि त्या पैशातून घरचा सण व्हायचा. पोरगी न्यूयॉर्कमध्ये कुणाच्या तरी घरी कामाला आणि तिच्या पैशाने इकडे भावंडांना बूट. अशी घरं गावोगाव होती.

तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, गणपतीला मुंबईचा चाकरमानी आला नाही तर घर कसं होतं हे कोकणात कोण सांगणार! फक्त तिकडच्या चाकरमान्याची वाट समुद्रापलीकडची होती आणि बहुतेक वेळा एकेरी होती.

आता आज काय होतं बघा. डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की डब्लिन एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या दारापाशी गर्दी जमते, हातात बोर्ड, फुगे, कुत्र्यालासुद्धा घेऊन आलेले असतात, कॉयर गात असतो, टीव्हीवाले कॅमेरे लावून उभे, आणि दार उघडून ऑस्ट्रेलियाहून आलेला पोरगा दिसला की आई धावत सुटते. हे रात्रीच्या बातम्यांत दाखवतात, दरवर्षी तेच दृश्य, आणि अख्खा देश बघतो. मी पण बघायचो, आणि माझं घर पुण्यात, त्यामुळे कसं वाटायचं ते काय सांगू.

मेणबत्तीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय. २४ च्या संध्याकाळी खिडकीत मोठी मेणबत्ती लावायची ही तिकडची फार जुनी पद्धत. पूर्वी सलगम कोरून त्यात ती उभी करायचे. पेटवायचा मान घरातल्या सगळ्यात लहान पोराचा. येशूच्या आई-वडिलांना, मेरी आणि जोसेफला, त्या रात्री कुणी आसरा दिला नाही, तर आमच्या घरात या, जागा आहे, असा तिचा अर्थ. नुसती मेणबत्ती नाही, जेवण झाल्यावर टेबल परत मांडायचे, त्यावर मनुका घातलेला ब्रेड आणि दुधाचा जग ठेवायचे आणि दाराला कडी न लावता झोपायचे, कुणी वाटसरू आला तर उपाशी जायला नको. आणखी एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकाच्या शेवटापासून इंग्रजांनी कॅथलिक धर्मावर कायदे करून फार निर्बंध घातले होते, पाद्री लपूनछपून फिरायचे, रानात एखाद्या खडकावर प्रार्थना व्हायची, त्या काळात खिडकीतला दिवा म्हणजे पाद्र्याला खूण, की हे घर आपलं आहे, ये. शिपायाने विचारलं तर सांगायचं, मेरी-जोसेफसाठी लावलाय.

डिसेंबरात तिकडे सकाळी साडेआठ उलटून गेल्यावर सूर्य उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो. त्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्याने जाताना लांबवर एकेका घरात तो उजेड दिसतो (हल्ली बरेचदा विजेचा असतो, ते चालायचंच) आणि अरे, हे तर आपल्यासाठीच लावलेलं आहे, असं अनोळखी माणसालाही वाटतं. १९९० मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्यांनी काय केलं, तर डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या सरकारी निवासस्थानात, स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा कायमचा लावला, जगभर पांगलेल्या आयरिश माणसांसाठी. घराघरातली रीत देशाच्या पहिल्या घराने उचलली. राजकारणी लोकांच्या प्रतीकांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हे मला मनापासून आवडलं.

खाण्याचं थोडक्यात सांगतो, नाहीतर जेवायची वेळ होईल. २४ तारीख पूर्वी उपासाची, म्हणजे मटण वर्ज्य, खारवलेला मासा आणि बटाटे. २५ ला टर्की (कोंबडीहून मोठा पक्षी) आणि हॅम (खारवलेलं डुकराचं मांस), दोन्ही, एकावर भागत नाही, शिवाय भाजलेले बटाटे, कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही, आणि महिना-दोन महिने आधी करून मुरवलेलं पुडिंग. कॉर्कला एक खास पदार्थ, स्पाइस्ड बीफ, मीठ आणि मसाल्यात मुरवलेलं. त्यामागे कारण आहे: अठराव्या शतकात कॉर्क बंदरातून जहाजांसाठी खारवलेलं मांस प्रचंड प्रमाणात जायचं, खारवण्यात त्या शहराचा हात बसलेला होता, तीच कला सणाच्या ताटात आली. १७८८ पासूनचा इंग्लिश मार्केट नावाचा बाजार आहे तिथे, डिसेंबरात त्याच्या मटणवाल्यांकडे रांग बघा एकदा. आणि बिस्किटांचा डबा! वरचा थर पूर्ण संपल्याशिवाय खालच्या थराला हात लावायचा नाही, हा नियम मी प्रत्येक घरात ऐकला, आणि प्रत्येक घरात कुणीतरी रात्री तो मोडतोच.

२५ ला देश बंद. बंद म्हणजे बंद. ट्रेन नाही, बस नाही, डब्लिन एअरपोर्टसुद्धा बंद, आणि पबही बंद, कायद्याने. त्याआधी जे यायचे ते आलेले असतात. सकाळी चर्च, बरेच जण कबरस्तानात जाऊन आई-वडिलांच्या कबरीवर हिरव्या पानांचं चक्र ठेवून येतात, आणि काही वेडे समुद्रात उडी मारतात. डब्लिनजवळ सँडीकोव्हला फॉर्टी फूट नावाची खडकाळ जागा आहे, पाणी दहा अंशांच्या आसपास, तिथे सांताच्या टोप्या घालून म्हातारेकोतारे पोहतात, अनेक ठिकाणी त्यातून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करतात.

२६ चा दिवस सेंट स्टीफनचा, आणि केरी काउंटीतल्या डिंगल गावात जाऊन बघावा असा. रेन नावाचा मूठभर आकाराचा पक्षी असतो. त्याने चोच आपटून ढोल वाजवला आणि दबा धरून बसलेल्या आयरिश सैनिकांची जागा व्हायकिंग नावाच्या समुद्री लुटारूंना कळली, अशी दंतकथा, म्हणून त्या दिवशी पोरं त्याला मारून काठीला बांधून दारोदार फिरवायची. आता पक्षी खरा नसतो, मारत नाहीत, हे बरंच झालं. पण गवताच्या काडाचे पोशाख, तोंड झाकलेलं, ढोल, बासऱ्या, गल्लीगल्लीचे गट अंधार पडून गेला तरी गावभर फिरतात, आणि जमलेले पैसे धर्मादायाला. आवाज एवढा की छातीत घुमतो.

आणि शेवट ६ जानेवारीला. नॉलिग ना मॉन, म्हणजे बायकांचा ख्रिसमस. कॉर्क आणि केरीत ही रीत सगळ्यात जास्त टिकली. बारा दिवस कुणी राबलं? पाहुणे आले, टर्की भाजली, भांडी घासली, लंडनहून आलेल्या दिराची मुलं सांभाळली, सगळं बायकांनीच. मग ६ तारखेला पुरुषांनी घर बघायचं आणि बायकांनी बाहेर पडायचं. पूर्वी एकमेकींच्या घरी जमायच्या, उरलेला केक, चहा, गप्पा. ज्या काळात बाईमाणसाने पबमध्ये पाऊल टाकलं तर लोक बघत राहायचे त्या काळातही हा एक दिवस त्यांचा होता. मध्यंतरी ही रीत विरत चालली होती, गेल्या काही दशकांत परत जोरात आली, आणि आता त्या संध्याकाळी कॉर्कच्या हॉटेलांत टेबल मिळत नाही. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या, त्या बहिणी आणि मैत्रिणींबरोबर जायच्या, लिपस्टिक लावून, आणि निघताना नवऱ्याला एवढंच सांगायच्या की झाड आज उतरवायचं आहे. कारण ६ तारखेनंतर सजावट ठेवली तर अशुभ. तोवर मुलंही बहुतेक परत गेलेली असतात, विमानतळावर आता कॅमेरे नसतात. नवरा एकटा दिव्यांच्या माळा गुंडाळत बसलेला आणि बाई रात्री अकराला गाणी म्हणत घरी.

तर तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील आणि डिसेंबरात जायचा विचार असेल, तर २४ ला दुपारच्या आतच दूध-ब्रेड भरून ठेवा. आणि बायांनो, परतीचं तिकीट ७ जानेवारीच्या आधीचं काढू नका.