एका उसाचे दोन धूर

(पहाट. वाळवा तालुका. उसाच्या फडांपलीकडे कारखान्याचं धुराडं.)

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यात ऊस दोनदा जळतो. एकदा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा होऊन बॉयलरमध्ये, एकदा पाचट होऊन शेतात. पहिला धूर मोजायला माणूस येतो.

(मचाणावर चढणारे तंत्रज्ञ.)

धुराड्याला एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून नळी आत जाते, तोंड खाली, येणाऱ्या धुराकडे. खरी खुबी ओढण्यात. धूर ज्या वेगानं वर चढतो, त्याच वेगानं तो नळीत ओढायचा. जास्त जोरानं ओढला तर वायू वळून आत येतो, राखेचे जड कण मात्र सरळ वर निघून जातात. आकडा कमी भरतो. सोयीचा, पण खोटा. नळीतली गाळणी, म्हणजे थिंबल, आधी तोलायची आणि नंतर तोलायची. साखर कारखान्याला मर्यादा घनमीटरमागे 150 मिलिग्रॅम धुळीची. सगळा निवाडा त्या दोन वजनांमधल्या फरकावर.

(दिवेलागण. फडात आग.)

दुसऱ्या धुराला ना भोक, ना मचाण. उपग्रहावरचं व्हीआयआयआरएस उपकरण आगी टिपतं, पण ते इथून जातं दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. दिवेलागणीला पेटून अर्ध्या तासात विझलेलं पाचट त्याला दिसत नाही. सांगली शहर 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. पण तिथलं पीएम 10 चं, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचं, यंत्र धूळ मोजतं, ती कुठून आली ते सांगत नाही.

म्हणून हा धूर कागदावर मोजतात. एक टन कोरडं पाचट जळलं की 92 किलो कार्बन मोनॉक्साइड आणि 2.7 किलो मिथेन, असं आयपीसीसीचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचं, कोष्टक सांगतं. कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत. पुढचा ऊस तो परत ओढून घेतो असं मानतात. मिथेनला ती सवलत नाही. एकरी चार टन पाचट आणि त्यातलं 80 टक्के जळालं असं धरलं, तर 30 गुंठ्यांतून साडेसहा किलो मिथेन.

गुणाकार सोपा. अडतं ते गुंठ्यांपाशी.

(बांधावर. हातात वही.)

“किती पेटवलं, आबा?”

“आसंल की तीस गुंठं.”

राख पार ओढ्यापर्यंत दिसते. आम्ही वहीत तीसच लिहितो.