अदृश्य कार्डांची टपालव्यवस्था

श्रोतेहो, नमस्कार.

१९८७ सालच्या डिसेंबर महिन्यात पश्चिम जर्मनीतल्या क्लाउस्टाल येथील तांत्रिक विद्यापीठातून एक छोटासा प्रोग्रॅम बाहेर पडला. तो चालवला की पडद्यावर अक्षरांनी रेखाटलेले नाताळचे झाड उमटे, आणि माणूस ते पाहण्यात गुंग असताना प्रोग्रॅम त्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाकडे स्वतःची एकेक प्रत रवाना करी. थोड्याच दिवसांत युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संगणकजाळ्यावर या झाडांची गर्दी झाली आणि आयबीएम कंपनीचे अंतर्गत जाळेही त्यापायी कोलमडले. या प्रोग्रॅमचे नाव ‘ख्रिसमा’. ‘ख्रिसमस’ हा शब्द रोमन लिपीत लिहायला नऊ अक्षरे लागतात आणि त्या यंत्रांवर फाइलच्या नावाला आठच अक्षरांची मुभा होती, म्हणून शेवटचे अक्षर गळाले. आज ज्या सॉफ्टवेअरविषयी बोलायचे आहे, त्याचा इतिहास शोधताना हाती लागतात त्या अशाच खुणा असतात : कुठे गळालेले अक्षर, कुठे कार्डाच्या कडेला राहिलेला शिक्का.

ही झाडे गावोगाव पोहोचवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचे नाव रिमोट स्पूलिंग कम्युनिकेशन्स सबसिस्टिम, म्हणजेच आरएससीएस. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी आयबीएमचे एक शास्त्रीय केंद्र होते. एका मोठ्या मेनफ्रेम संगणकाचे अनेक आभासी संगणक करून प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र वापरत असल्याचा अनुभव द्यायचा, ही कल्पना तिथे १९६०च्या दशकात आकाराला आली आणि पुढे १९७२ साली ‘व्हीएम ३७०’ या नावाने बाजारात आली. एडसन हेंड्रिक्स याच केंद्रात काम करत होते आणि आरएससीएसची रचना त्यांची.

ही रचना समजून घेण्यासाठी आधी पंच कार्ड डोळ्यांसमोर आणावे लागेल. जाडसर कागदाचे, ऐंशी उभ्या रकान्यांचे, प्रत्येक रकान्यात छिद्रांनी एक अक्षर नोंदवलेले असे हे कार्ड. आता व्हीएममध्ये प्रत्येकाला जो आभासी संगणक मिळे, त्याला कार्डे वाचणारे यंत्र, कार्डांना छिद्रे पाडणारे यंत्र आणि प्रिंटर हा सगळा सरंजामही आभासीच जोडलेला असे. सहकाऱ्याला काही पाठवायचे असले, तर आपल्या आभासी यंत्रातून आभासी कार्डे पाडायची आणि ती त्याच्या आभासी कार्डवाचकात जाऊन पडायची. कागदाचा एक कपटाही न हलता कार्डांचा गठ्ठा या घरातून त्या घरात जाई. हेंड्रिक्स यांनी याच व्यवस्थेची सीमा वाढवली. आरएससीएस हा स्वतःच एक आभासी संगणक होता. आपण गठ्ठ्यावर गावाचे (म्हणजे पलीकडच्या संगणकाचे) आणि माणसाचे नाव लिहून, म्हणजे दोन आठ-आठ अक्षरी शब्द लिहून, तो त्याच्या स्वाधीन करायचा. मग गठ्ठा टेलिफोनच्या लाइनवरून पुढच्या मेनफ्रेमवरील आरएससीएसकडे जाई, तिथून त्याच्या पुढच्याकडे, आणि वाटेतली एखादी लाइन बंद असली तर ती सुरू होईपर्यंत अलीकडच्या मुक्कामी थांबून राही. जुन्या काळच्या डाकचौक्यांवर हरकारे टपालाची थैली एकमेकांच्या हाती देत, त्याच धर्तीचे हे काम होते. फरक इतकाच, की इथे प्रत्येक चौकी ओलांडल्यावर पाठवणाऱ्याच्या पडद्यावर एक ओळ उमटे : तुमची फाइल अमुक गावाकडे रवाना झाली. गठ्ठा कुठे अडकला आहे, हे बसल्या जागी कळे, आणि मला विचाराल तर या बाबतीत आजची ई-मेल आरएससीएसच्या मागेच आहे.

या सॉफ्टवेअरला एक सावत्र भाऊही होता. ह्यूस्टन येथे अमेरिकी अंतराळ संस्थेसाठी तयार झालेल्या आयबीएमच्या ‘हॅस्प’ या प्रणालीत संगणकांना एकमेकांकडे काम पाठवता यावे, अशी भर पडली होती. ही भर नेमकी कुठून आली? त्या काळी आयबीएममध्ये काम केलेल्या एका अभियंत्याने लिहून ठेवले आहे की त्या सोर्स कोडच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ मजकुराच्या, कार्डांवर अडुसष्ट ते एकाहत्तर या रकान्यांत ‘टी यू सी सी’ ही चार अक्षरे होती. हे रकाने प्रोग्रॅमच्या ओळीच्या अगदी शेवटाला येतात, म्हणजे एखाद्याने पाटीच्या कोपऱ्यात आपले नाव घालावे तसा हा प्रकार. उत्तर कॅरोलायनातील तीन विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या ट्रँगल युनिव्हर्सिटीज कॉम्प्युटेशन सेंटरची ही आद्याक्षरे. कंपनीच्या नावाने विकल्या गेलेल्या वस्तूचे मूळ असे विद्यापीठाच्या संगणकगृहात निघते. मात्र या भावाची एक अडचण होती. गावांचे क्रमांक तो आपल्या आभासी कार्डयंत्रांच्याच २५५ जागांच्या तक्त्यात बसवत असे, त्यामुळे जाळे वाढू लागले तशी जागा संपली. आरएससीएसला असे बंधन नव्हते. म्हणून आयबीएमच्या ‘व्हीनेट’ या अंतर्गत जाळ्याचा कणा तेच बनले, आणि १९८३ साली त्या जाळ्याने हजार संगणकांचा टप्पा ओलांडला, तेव्हा इंटरनेटचे पूर्वज मानले जाणारे आर्पानेट काही शेकड्यांवरच होते. याच वर्षी आयबीएमने यापुढे ग्राहकांना सोर्स कोड न देण्याचे धोरण जाहीर केले. इतिहास शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही तारीख वाईट, कारण कार्डाच्या कोपऱ्यातली नावे वाचण्याची सोय तिथून पुढे हळूहळू संपली.

विद्यापीठांच्या जाळ्याची गोष्ट याआधी दोन वर्षे सुरू झाली होती. १९८१ साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील आयरा फुक्स आणि येल विद्यापीठातील ग्रेडन फ्रीमन यांनी आपले दोन मेनफ्रेम संगणक सेकंदाला ९६०० बिट वाहून नेणाऱ्या भाड्याच्या लाइनने, आरएससीएसच्याच पद्धतीने जोडले. आजच्या मोबाइलवरचा तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या लाइनवरून जायला चाळीस मिनिटांहून अधिक वेळ घेईल. या जाळ्याचे नाव बिटनेट. त्याचा नियम साधा होता : नव्या विद्यापीठाने जवळच्या सदस्यापर्यंतच्या लाइनचे भाडे स्वतः भरायचे आणि पुढे येणाऱ्या निदान एकाला आपल्याला जोडून घ्यायचे. ना मोठे अनुदान, ना मोठे कार्यालय. पंगतीत शेजारच्याला सरकून जागा द्यावी तसे हे जाळे पसरत गेले आणि १९९१च्या सुमारास सुमारे पाचशे संस्था व तीन हजार संगणकांपर्यंत पोहोचले.

लाइन मंद असल्याने लहान फायली आधी सोडल्या जात आणि जाडजूड गठ्ठे मागे ठेवले जात. दोन ओळींचे निरोप तर फायलींच्याही पुढे जात, आणि ते समोरच्याच्या पडद्यावर तत्काळ उमटत. या सोयीवर टेनेसीतील चॅटानूगा येथील जेफ केल यांनी १९८५ साली ‘रिले’ नावाची गप्पांची व्यवस्था उभारली, जिच्यात अनेक गावांची माणसे एकाच वेळी एका खोलीत बसल्यासारखी बोलू शकत. इंटरनेटवर १९८८ साली फिनलंडमध्ये जन्मलेल्या ‘आयआरसी’ने तिच्यापासूनच प्रेरणा घेतली. १९८६ साली पॅरिसमध्ये एरिक थॉमस यांनी लिहिलेला टपालयाद्या सांभाळणारा ‘लिस्टसर्व’ हाही बिटनेटचाच.

बिटनेटचा कारभार १९९६ साली आटोपला. हौशी मंडळी मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या ‘हर्क्युलीस’ या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने साध्या घरगुती संगणकावर जुने व्हीएम ३७० चालवतात आणि त्यासोबतचे आरएससीएसही. मात्र या टपालव्यवस्थेची मला सर्वांत मोलाची वाटणारी खूण तिथे नाही, ती तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत वेगळी होती. तिचे नाव एब्सिडिक, आणि बाकीचे जग वापरत होते आस्की. दोन जाळ्यांच्या वेशीवर भाषांतर होताना साधी अक्षरे आणि अंक सुखरूप पार पडत, परंतु चौकटी आणि महिरपी कंसांसारखी चिन्हे भलतीच होऊन बाहेर पडत. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला प्रोग्रॅम ई-मेलने पाठवावा आणि पलीकडे त्याचे सगळे कंस बदललेले निघावेत, ही तेव्हाची नित्याची रड होती. १९९२ साली नेथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ई-मेलसोबत चित्रे व ध्वनी पाठवण्याचे नियम लिहिले, तेव्हा त्यांनी जी चौसष्ट चिन्हे वापरायला सांगितली, ती एब्सिडिकच्या सर्व प्रकारांत एकसारखीच राहतात, असे त्या दस्तऐवजात स्पष्ट नोंदवले आहे. सव्वीस मोठी अक्षरे, सव्वीस लहान, दहा अंक, एक अधिकचिन्ह आणि एक तिरपी रेघ. आज ई-मेलला फोटो जोडला की तो याच चौसष्ट चिन्हांत गुंडाळला जातो. संगणकावर आलेल्या अशा एखाद्या पत्राचे मूळ रूप उघडून पाहा. शहात्तर चिन्हांच्या, म्हणजे कार्डाच्या ऐंशी रकान्यांत मावतील अशा ओळींची एक लांबलचक भिंत दिसेल, आणि त्या भिंतीत एकही महिरपी कंस सापडणार नाही.