अबॅकाव्हिर: एकदा अ‍ॅलर्जी आली की पुन्हा नाही

नमस्कार श्रोतेहो. एचआयव्हीच्या उपचारातलं एक औषध आहे अबॅकाव्हिर. मोठ्यांना ते बहुधा ६०० मिलिग्रॅम, सोबत ३०० मिलिग्रॅम लॅमिव्हुडिन हे एचआयव्हीचंच दुसरं औषध, अशा एकाच गोळीत मिळतं. लहान मुलांसाठी याच दोन औषधांची, अनुक्रमे १२० आणि ६० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी गोळी असते. मूत्रपिंडाच्या त्रासामुळे ज्यांना टेनोफोव्हिर हे एचआयव्हीचं औषध चालत नाही, त्यांना याचा मोठा आधार आहे. पण काही जणांना याची अ‍ॅलर्जी येते आणि ती ओळखायला फसवी असते.

ही अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा पहिल्या सहा आठवड्यांत येते, त्यातही दुसऱ्या आठवड्याच्या आसपास जास्त. म्हणून पहिली गोळी घेतली ती तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवा. सुरुवात तापाने होते. मग अंगदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं, मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी. कधी खोकला, घसा दुखणं, धाप. पुरळ येतं, पण ते अगदी फिकट असू शकतं आणि काहींना येतच नाही. पावसाळ्यात घरोघरी ताप असतो, तेव्हा हा साधा फ्लूच वाटतो. फरक एका गोष्टीत दिसतो: गोळी घेतली की त्रास वाढतो आणि प्रत्येक डोसनंतर तो आदल्या वेळेपेक्षा जास्त असतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर पुढचा डोस घेण्याआधी एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रातल्या, डॉक्टरांशी बोला. त्याच दिवशी, गोळ्यांची बाटली सोबत घेऊन जा. घरची सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन गोळ्या चालू ठेवू नका. अंगावर पित्त उठतं तशी ही अ‍ॅलर्जी नाही. एचएलए-बी ५७:०१ नावाचा जनुकप्रकार असलेल्यांच्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन असतं. औषधाचा रेणू त्याच्या खाचेत जाऊन बसतो, मग शरीराला आपलेच प्रथिनांचे तुकडे परके वाटतात आणि टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी, हल्ला चढवतात. सेट्रिझिन हा हल्ला थांबवू शकत नाही.

हा जनुकप्रकार रक्ताच्या तपासणीत कळतो आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. तो आढळला तर अबॅकाव्हिर द्यायचंच नाही. आढळला नाही तर धोका खूपच कमी होतो, तरी लक्षणांकडे डोळेझाक करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. औषध थांबवलं की दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. बरं वाटतं, बाटलीत गोळ्या उरलेल्या असतात आणि माणूस मनाने पुन्हा सुरू करतो. घात होतो तो इथेच. दुसऱ्या खेपेला काही तासांतच रक्तदाब कोसळू शकतो, श्वास अडकू शकतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी या अ‍ॅलर्जीमुळे अबॅकाव्हिर बंद केलं, की ते कायमचं बंद. नाव वेगळं असलेल्या, डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधासोबतच्या एकत्र गोळीतही ते असू शकतं, त्यामुळे घटक वाचा. उरलेल्या गोळ्या केंद्रात परत करा आणि ‘अबॅकाव्हिरची अ‍ॅलर्जी’ हे शब्द आपल्या उपचार-पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या. बदली औषध डॉक्टर देतील. सगळे उपचार स्वतःहून सोडू नका, विषाणू लगेच डोकं वर काढतो.

अ‍ॅलर्जी आली नव्हती, पण काही कारणाने गोळ्यांत खंड पडला असेल, तरी विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. धाप लागली, चेहरा सुजला, भोवळ आली, तर थेट १०८ ला फोन लावा. शंका विचारायला १०९७ ही एड्स हेल्पलाइन आहे, ती मोफत आहे.