एका किलोमागे सातशे बिया

(दृश्य: वेंगुर्ल्याजवळची काजूबाग. उजाडतंय. बोंडांचा सडा.)

मार्चमध्ये वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या बागांत उजाडायच्या आत बाया वेचणीला शिरलेल्या असतात. काजूची बी झाडावरून ओरबाडायची नसते. पिकलेलं बोंड, म्हणजे बीला लागून असलेलं रसाळ फळ, आपण होऊन गळतं. ते उचलायचं, बी पिळून वेगळी करायची. दोन दिवस बोंडं तशीच पडून राहिली, तर बोंडाची ओल बीत उतरते आणि आतला गर डागाळतो. म्हणून तीन महिने वेचणीला एक दिवसाचाही खाडा नसतो.

वेचलेली बी दोन-तीन दिवस खळ्यात वाळते. नख दाबलं आणि खूण उठली नाही, तर ती पोत्यात भरायच्या लायकीची. वेचणं, वाळवणं, संध्याकाळी गोळा करून झाकणं, हे सगळं घरच्या बाईकडे. पोतं मोटारसायकलवर टाकून व्यापाऱ्याकडे न्यायचं काम मात्र घरातला पुरुष करतो. पैसे त्याच्या हातात येतात.

(दृश्य: काजू कारखाना. भट्टीची वाफ.)

आता कारखान्यात चला. बी आधी वाफवतात. वाफ कमी बसली, तर गर टरफलाला चिकटून राहतो. जास्त बसली, तर पिवळा पडतो. वाफवलेली बी रात्रभर सावलीत पसरून गार करावी लागते. घाईने गरम बी फोडायला घेतली, तर टरफलाबरोबर मऊ गरही कापला जातो.

मग बी फोडणं. लाकडी टेबलावर बसवलेलं छोटं यंत्र, त्यात बीच्या आकाराची दोन पाती. डाव्या हाताने बी पात्यांमध्ये उभी धरायची, उजव्या हाताने दांडा दाबायचा, की टरफल दुभंगतं. बी केसभर तिरकी बसली, तरी पातं गरात शिरतं आणि अख्ख्या गराची पाकळी, म्हणजे अर्धुक, होते.

(दृश्य: फोडणाऱ्या बाईची बोटं, अगदी जवळून.)

या बोटांकडे नीट पाहा. काजूच्या टरफलात दाट, तपकिरी तेल असतं. कोकणात त्याला चीक म्हणतात. त्यातली आम्लं कातडी जाळतात. आधी बोटांची टोकं काळी पडतात, मग साल निघते, आणि नवी कातडी धरायच्या आत पुन्हा चीक लागतो. बाया आधी हाताला खोबरेल चोळतात, मध्येमध्ये राखेत बोटं बुडवतात. रबरी मोजे मिळत नाहीत असं नाही. पण जाड मोज्यात बी उभी आहे की तिरकी, ते बोटाला कळत नाही, आणि पातळ मोजा चिकाने चिकट होऊन फाटतो. मजुरी किलोवर असते. मोजा घातला की वेग कमी होतो, वेग कमी झाला की मजुरी कमी. मोजे टाळण्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्याय आहे.

फोडलेले गर साधारण 70 अंशांवर सहा ते आठ तास भट्टीत सुकवतात. त्याने वरची तांबडी साल सुटते. ती नखाने आणि छोट्या सुरीने काढायची. सुकलेला गर इतका ठिसूळ, की जरा जोर लागला तर दोन तुकडे. अख्खा गर, पाकळी, तुकडा, कणी, प्रत्येकाचा भाव वेगळा. तुटका माल जास्त निघाला, की बोल सोलणारीला.

प्रतवारीतला 320 हा आकडा पुष्कळांनी पुड्यावर पाहिलेला असेल. त्याचा अर्थ, एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर. म्हणजे किलोत साधारण सातशे. दुकानातल्या एका किलोमागे कोणीतरी सातशे वेळा बी उभी धरली, सातशे वेळा दांडा दाबला, आणि सातशे गर एकेक करून सोलले.

बहुतेक कारखान्यांत भट्टी आणि हमाली पुरुषांकडे, तीही हजेरीवर किंवा महिन्यावर. फोडणं, सोलणं, निवडणं बायांकडे, तेही किलोवर. माल संपला की किलो संपले, आणि मजुरीही थांबली. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा 1976 मध्येच झाला, आता ती तरतूद वेतन संहितेत आहे. पण कामंच वेगळी ठरवून टाकली, तर तुलना करायची कशाशी?

मग बाया स्वतःच बी घेऊन उद्योग का करत नाहीत? करतात. पुष्कळ बचत गट करतात, आणि बरेचसे पावसाळ्यातच अडकतात. कारण भांडवलाचं आहे. बी मिळते मार्च ते मे. वर्षभर काम हवं, तर वर्षाचा साठा त्या तीन महिन्यांत रोखीने घ्यावा लागतो. एक टन बीतून गर निघतो अडीचशे ते पावणेतीनशे किलो, आणि त्याचे पैसे सुटायला दिवाळी उजाडते. गटाच्या छोट्या कर्जात चार पोती येतात. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते, तारण म्हणजे जमीन, आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं.

(दृश्य: सातबारा. नावांची लांब यादी.)

कोकणातला सातबारा म्हणजे पुष्कळदा आजेसासऱ्यापासूनची सामाईक नावं, त्यातले निम्मे मुंबईत. बाग राखणारी बाई त्या यादीत नसते. पीककर्ज, फळपीक विमा, वादळाची भरपाई, सगळं खातेदाराच्या मागून चालतं. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते, दोन्ही वादळांत झाडं पडली ती तिने वाढवलेली.

नाव लावायचे रस्ते आहेत. नवरा हयात असेल आणि जमीन त्याच्या नावावर असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली त्याने स्वतः तलाठ्याकडे अर्ज करून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ही सोय 1992 पासूनची. जमीन अजून आजेसासऱ्याच्याच नावावर असेल, तर आधी वारस नोंद करून घ्यावी लागते. तिथेच बरीच घरं थांबतात.

नवरा वारला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलांइतकीच पहिल्या वर्गाची वारस. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण 20 डिसेंबर 2004 च्या आधीच रीतसर वाटप झालेलं असेल, तर ते मोडत नाही. भावाने पुढे केलेल्या हक्कसोड पत्रावर सही होऊन त्याची नोंदणी झाली, तर मात्र तो हिस्सा गेला. सणाला माहेरी बोलावून सही घेतली जाते. कागद आधी घरी आणून कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा. तलाठी फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, लिहितो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मंजुरीनंतर सातबाऱ्याची नवी प्रत काढून तिचे रकाने बघायचे. सासूचं, सुनेचं, लेकीचं नाव पुष्कळदा भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात न घालता बाजूला 'इतर अधिकार' मध्ये टाकून दिलेलं असतं. तसं दिसलं, तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, आणि पोच घ्यायची.