बायनॉरल बीट्स: ठोका फाइलमध्ये नसतो

[दृश्य: तानपुऱ्याचा भोपळा, खुंट्या, छेडणारं बोट]

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरा जुळवायला बसलेला कारागीर जोडाच्या दोन तारा एकापाठोपाठ छेडतो. दोघींचा सूर जवळजवळ एकच, पण अगदी एक नाही. तेवढ्यानंच आवाज हलत राहतो. भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो. तारेत ओवलेला मणी केसभर सरकवला की हे हलणं मंदावतं, आणि सूर मिळाले की थांबतं.

हे हलणं हवेतलं आहे. दोन लहरी हवेत मिसळतात आणि मिसळलेलीच कानावर येते. एक कान बंद केला तरी ते ऐकू येईल.

[दृश्य: इअरफोन घातलेला चेहरा, डावीकडे २००, उजवीकडे २०३ हे आकडे]

आता डाव्या कानात २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा सूर सोडू, उजव्या कानात २०३ चा. मध्ये डोकं आहे, त्यामुळे हवेत या दोघांची भेट होत नाही. तरीही ऐकणाऱ्याला सेकंदाला तीन मऊ ठोके जाणवतात. यालाच बायनॉरल बीट्स म्हणतात. बर्लिनचे भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख विल्हेल्म डोव्ह यांनी हा प्रकार १८४० च्या सुमारास नोंदवला. त्यांचं नाव खरं तर हवामानशास्त्रात जास्त घेतलं जातं. पुढं सव्वाशेहून अधिक वर्षं हा विषय प्रयोगशाळेतली एक गंमत म्हणूनच राहिला. १९७३ मध्ये जीवभौतिकशास्त्रज्ञ गेराल्ड ऑस्टर यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात आला आणि त्याकडे पुन्हा लक्ष गेलं. आता लोक हे ठोके झोपेसाठी ऐकतात: ठोका मंद ठेवला की मेंदूच्या लहरीही त्याच्यामागे मंदावतात, अशी ती कल्पना.

ठोका तयार होतो मेंदूच्या बुंध्याशी, ब्रेनस्टेममध्ये. तिथल्या सुपीरियर ऑलिव्हरी कॉम्प्लेक्स या भागाकडे दोन्ही कानांचे संदेश पहिल्यांदा एकत्र येतात. त्याचं रोजचं काम वेगळंच आहे. मागून येणारी गाडी डावीकडून येतेय की उजवीकडून, हे तो सांगतो. आवाज दोन कानांत मिलिसेकंदाच्या काही अंशानं मागेपुढे पोचतो, त्या फरकावरून हा हिशेब होतो. २०० आणि २०३ च्या लहरींमधलं मागेपुढे असणं सतत बदलत असतं, म्हणून तो हिशेबही सतत डोलतो. अंतर अगदी कमी, म्हणजे सेकंदाला एखादाच ठोका असेल, तर सूर डोक्यात एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरतोय असंच वाटतं.

दोन मर्यादा इथूनच येतात. मूळ सूर साधारण १००० हर्ट्झच्या वर गेला की चेतापेशींना लहरीचा ताल धरता येत नाही आणि ठोका विरून जातो. दोन सुरांतलं अंतर ३० हर्ट्झच्या आसपास गेलं की ठोक्याऐवजी खरखर, मग दोन सुटे सूर. झोपेसाठी मूळ सूर १५० ते ३०० च्या दरम्यान ठेवलेला बरा. फार उंच सूर रात्री बोचतो. ५२८ किंवा ४३२ असे ‘चमत्कारी’ आकडे लिहिलेल्या फाइली बऱ्याच फिरतात. त्या आकड्यांत विशेष काही नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा, ऑडॅसिटी]

स्वतःची फाइल बनवायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पहिल्या मोनो, म्हणजे एकेरी ट्रॅकवर साइन प्रकारचा टोन घ्या: २०० हर्ट्झ, ४५ मिनिटं. अँप्लिट्यूड, म्हणजे आवाजाची ताकद, मुळात ०.८ दिसेल, ती ०.२ करा. दुसऱ्या मोनो ट्रॅकवर टोनऐवजी चर्प, म्हणजे हळूहळू सरकणारा सूर घ्या. सुरुवात २१० हर्ट्झ, शेवट २०३, दोन्हीकडे अँप्लिट्यूड ०.२, कालावधी तोच. म्हणजे ठोका सेकंदाला दहापासून उतरत तीनवर येतो. दहा हा जागेपणी डोळे मिटून निवांत बसलेल्या मेंदूच्या अल्फा लहरींचा पट्टा, तीन हा गाढ झोपेतल्या डेल्टाचा. पहिला ट्रॅक पॅनच्या, म्हणजे डावी-उजवी बाजू ठरवणाऱ्या पट्टीवर पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. ‘जवळजवळ पूर्ण’ चालत नाही.

चर्प वीस मिनिटांचा करून पुढे साधा टोन जोडायचा मोह होतो. जोडावर लहर मध्येच तुटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. झोप लागत असताना तेवढा पुरे. म्हणून एकच लांब चर्प. सुरुवातीला दहा सेकंदांचं फेड इन, शेवटी पाच मिनिटांचं फेड आउट. आवाज एकदम थांबला तर माणूस जागा होतो, पंखा बंद झाल्यावर होतो तसाच. नुसता सूर कंटाळवाणा वाटतो, म्हणून खाली पिंक नॉइज घाला, अँप्लिट्यूड ०.०५ च्या आसपास. तो पावसाच्या लांबच्या आवाजासारखा लागतो.

[दृश्य: फोनच्या सेटिंग्ज]

इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. बिघडतं ते यानंतर, कारण ठोका फाइलमध्ये नसतोच. फाइलमध्ये असतात दोन सुटे सूर, आणि ते कानापर्यंत सुटेच पोचायला हवेत.

एक्सपोर्ट करताना डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक निवडा. ४५ मिनिटांची स्टीरिओ डब्ल्यूएव्ही फाइल साधारण ४७५ एमबी होते. एमपीथ्रीच हवी असेल तर बिटरेट १९२ केबीपीएस किंवा जास्त, आणि जॉइंट स्टीरिओऐवजी साधा स्टीरिओ. कमी बिटरेटला दोन्ही बाजू एकमेकींत मिसळू शकतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रेकॉर्ड करून व्हॉइस मेसेज केला तर मोनो होतो, खेळ संपला.

फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते बंद हवं. डॉल्बी ॲटमॉस, स्पेशियल ऑडिओ, इक्वलायझर हेही बंद. दोन कानांत मुद्दाम मिसळ करणं हेच त्यातल्या काहींचं काम आहे. खोलीतल्या स्पीकरवर लावलं तर हवेतले तानपुऱ्यासारखे ठोके मिळतील, ऐकायला छानच, पण ती दुसरी गोष्ट.

तपासायची रीत सोपी आहे. ठोका ऐकू येत असताना एका कानातला इअरफोन काढा. ठोका नाहीसा होऊन सपाट सूर उरला तर सगळं बरोबर. एकाच कानात ठोका चालूच राहिला तर वाटेत कुठेतरी दोन्ही बाजू मिसळल्यात. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचीही आधी हीच परीक्षा घ्या. एका कानानं कमी ऐकू येत असेल, तर फाइल कितीही चांगली असली तरी ठोका नीट बनणार नाही.

[दृश्य: अंधारी खोली, पंखा]

आवाज किती ठेवायचा ते पंखा चालू असताना ठरवा. सूर जेमतेम ऐकू येईल इतकाच. कुशीवर झोपणाऱ्याला कानात घालायचा इअरफोन टोचतो, त्यापेक्षा चपटे स्पीकर असलेला कापडी हेडबँड सोयीचा. टायमर लावा, रात्रभर चालू ठेवायची गरज नाही. गाडी चालवताना अजिबात नको. फिट येण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप येत नाही असं तीन महिने चाललं असेल, तर ते काम इअरफोनचं नाही, डॉक्टरांचं आहे.

आणि मेंदूच्या लहरी खरंच या ठोक्यामागे जातात का? २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा आला. पाच अभ्यासांचे निष्कर्ष त्या कल्पनेला अनुकूल होते, आठांचे प्रतिकूल, एकाचा संमिश्र. निवांत वाटतं असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. पण अंधार, ठरलेली वेळ, दूर ठेवलेला फोन आणि एकसुरी मंद आवाज यांचा वाटा किती आणि ठोक्याचा किती, हे त्यांच्या सांगण्यावरून वेगळं काढता येत नाही.

[दृश्य: उशाशी वही, पेन, बंद पाकीट]

स्वतःपुरतं थोडं तपासता येतं. दुसरी फाइल अशी करा की दोन्ही बाजूंना २०० हर्ट्झच असेल, बाकी सगळं तेच. दोन्हींत पिंक नॉइज वाढवा, सूर त्यात बुडेल इतका. तयार कान कदाचित तरी ओळखेल, तेवढी त्रुटी धरून चला. घरातल्या कुणाला तरी फाइलींना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावं द्यायला सांगा, कुठली कोणती ते कागदावर लिहून पाकिटात बंद करू द्या. चौदा रात्री, सात ‘क’ आणि सात ‘ख’, क्रम चिठ्ठ्या टाकून. रोज सकाळी वहीत दोनच नोंदी: अंदाजे किती मिनिटांत झोप लागली, आणि रात्री किती वेळा जाग आली. पंधराव्या दिवशी आधी दोन्हींची बेरीज करा, मग पाकीट फोडा.